जहाज अडकतं तो भाग

आमच्या घरी कोणी चहाला आलं, की त्याला चहाच्या आधी एक कार्टून बघावं लागतं. बावीस मिनिटांचं. आमच्या आळीत आता हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे, त्यामुळे घाईत असलेली माणसं फाटकातूनच निरोप सांगून जातात.

ही पद्धत माझ्या नवऱ्याने पाडली. तो तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात फिटर होता. चार वर्षांपूर्वी कायमचा घरी आला. मी तोवर प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन निवांत झाले होते. पहिल्या सहा महिन्यांत त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, जे गळत नव्हते तेसुद्धा. मग विहिरीचा पंप उघडला. मग शेजारच्या काकूंचा पंप उघडला. काकूंनी मला हळूच विचारलं, "यांना पुन्हा बोलावणार नाहीत का हो बोटीवर?" शेवटी आमच्या मुलीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि सगळ्या आळीचे पंप वाचले.

तिथे त्याला ती मालिका सापडली. एका जुन्या मालवाहू यानाची गोष्ट. यान म्हणायचं एवढंच; दिसायला ते थेट गंजलेलं जहाज, फक्त पाण्याऐवजी ताऱ्यांमधून फिरणारं. त्यावर एक आळशी कप्तानीण, सहा हातांचा मेकॅनिक, एक झाड, जे स्वयंपाकी आहे आणि लाज वाटली की ज्याला फुलं येतात, आणि दिवसभर कुरकुर करणारा एक बोलका पंप. सगळे बोलतात इंग्रजीत. नवऱ्याला बोटीवरचं इंग्रजी येतं, त्यामुळे त्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं आहे.

मालिकेचे पुष्कळ भाग आहेत. पण आमच्याकडे दाखवला जातो तो एकच.

त्यात हे यान माल घेऊन एका परक्या ग्रहाच्या बंदरावर येतं आणि कागदावर एक सही नाही म्हणून बाहेरच अडकतं. बंदराचा अधिकारी म्हणजे साबुदाण्याच्या खिरीसारखा लिबलिबीत गोळा. त्याला प्रश्न विचारला की त्याचे दोन गोळे होतात, आणि दोघेही सांगतात, "हे माझ्या खात्यात येत नाही." पुन्हा विचारलं की चार. इकडे यानावरचा शिधा संपत येतो. झाड रोज नवा पदार्थ म्हणून तेच सूप वाढतं आणि शेवटी डब्यावरच्या कागदाचं सूप करतं, कारण कागदावर टोमॅटोचं चित्र असतं. वेळ जात नाही म्हणून सगळे रोज एकमेकांचे वाढदिवस करतात. एक दिवस सही येते, यान मोकळं होतं, पण कोणीच उठत नाही. पत्त्यांचा डाव अर्धा असतो. कप्तानीण म्हणते, "हा संपू दे." इथे भाग संपतो.

हा भाग लावला की नवरा टीव्हीकडे तोंड करून बसत नाही. खुर्ची आडवी लावतो आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. विनोद यायच्या आधी तीन सेकंद म्हणतो, "आता बघा हं." मग विनोद येतो. मग तो त्याचं मराठी करून सांगतो. एवढ्यात पुढचा विनोद येऊन गेलेला असतो, म्हणून तो मागे नेतो. बावीस मिनिटांचा भाग आमच्याकडे पाऊण तासाचा होतो.

पहिली प्रेक्षक अर्थात मीच. मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. बघून झाल्यावर त्याने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "बरं आहे. पण त्या बाईने केस बांधायला हवे होते, स्वयंपाकघर शेजारीच आहे." तो दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

शेजारच्या काकूंना मात्र तो भाग फार आवडला. त्या गोळ्याचे दोन गोळे झाले तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "माझ्या सातबाऱ्याच्या वेळी हाच होता," त्या म्हणाल्या. "हाच. अजून तिथेच बसलाय." नवरा खूश. त्या दिवशी काकूंना दुसऱ्यांदा चहा मिळाला.

मग हेदवीहून माझे थोरले दीर आले, कुळथाची पिशवी घेऊन. त्यांनी सगळा भाग मांडी घालून, देवळात कीर्तनाला बसावं तसा बघितला. एकदाही हसले नाहीत. नवरा त्यांच्या तोंडाकडे बघून बघून थकला. भाग संपल्यावर दीर बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "त्या झाडाला पाणी कोण घालतो रे?"

"दादा, ते झाड नाही. तो स्वयंपाकी आहे."

"व्हय, पण झाड हाय ना? मग पाणी नको?"

दीर दुसऱ्या दिवशी निघून गेले, पण नवऱ्याच्या डोक्यातून ते पाणी जाईना. त्याने मालिकेचे सगळे भाग पुन्हा पहिल्यापासून बघितले. पंधराएक दिवसांनी हेदवीला फोन करून सांगितलं की पंपच घालतो, एका भागात मागे दिसतं. दिरांनी विचारलं, "कुठलं झाड?"

मुलीने एकदा मला सांगितलं की बाबा नुसतं पाहुण्यांचं बघत नाहीत, इंटरनेटवर त्या भागाच्या खाली जगभरच्या लोकांनी काय काय लिहिलंय तेही वाचत बसतात. सकाळी मी देवपूजा करायची आणि याने मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांच्या कॉमेंटी वाचून दाखवायच्या. "हा बघ काय लिहितो, शेवटी रडू आलं म्हणे." मी म्हणायची, "कार्टून बघून?" तो म्हणायचा, "लिहिलंय बुवा." आणि मोबाईल खिशात टाकायचा.

आता इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. तीही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली आहे.

मुलीच्या वेळी मी बाळंत व्हायच्या आधी महिनाभर नवरा घरी यायचा होता. तसं ठरलंच होतं. आला नाही. मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसं झालं, पाळण्यापाशी सगळे होते आणि बाप नव्हता. नंतर एक पत्र आलं. त्यात चारच ओळी. मुक्काम वाढला आहे, काळजी नसावी, तब्येतीला जप. आणि चौथी ओळ: येथे जेवण उत्तम आहे. तो उगवला तेव्हा पोरगी बसायला लागली होती आणि त्याला बघून तिने भोकाड पसरलं. ही गोष्ट मी सत्तावीस वर्षं सांगत आले. "बायको इथे बाळंतशेपाचं पाणी पितेय आणि हे तिकडून जेवणाचं कौतुक लिहितायत." माणसं हमखास हसत. नवराही हसे. मी सांगते छान, असं सगळे म्हणतात. शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला की तेवढं येतंच.

तर गेल्या वर्षी मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं. चिपळूणला ती नोकरी करते तिथलाच मुलगा, घर अलोऱ्याचं. त्याचे वडील धरणाच्या कामावर होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले. चैत्रात एका रविवारी चार वाजता मुलगा आणि आईवडील आमच्याकडे यायचे ठरले. पसंती होऊन गेली होती, तरी मला धाकधूक होती. मी सकाळीच नवऱ्याला बजावलं.

"आज टीव्ही लावायचा नाही."

"नाही लावत."

"ते विचारतील तेवढंच बोलायचं."

"बरं."

"आणि पंपाबद्दल काही बोलायचं नाही. कुठल्याच."

त्याने मान हलवली. खरं सांगायचं तर मला जरा वाईटही वाटलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीला लावलेल्या खुर्चीत शाळेच्या तपासणीला बसल्यासारखा बसला होता.

पाहुणे आले. मुलाची आई बोलकी होती, तिने पाच मिनिटांत माझं स्वयंपाकघर बघितलं आणि सांदणं कशी केली ते विचारून घेतलं. वडील मात्र शांत. उंच, पांढरे केस, हात गुडघ्यांवर. प्रवास कसा झाला, आंबा यंदा कमी आहे, एवढं बोलणं झालं आणि थांबलं. मी सांदणांच्या बशा आणल्या. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमची मुलगी सांगत होती, तुम्ही पाहुण्यांना काहीतरी दाखवता म्हणे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांदणांकडे बघितलं.

"ते असंच," तो म्हणाला. "आज नको."

"का? आम्ही पाहुणे नाही का?"

मुलीने टीव्ही लावला. नवऱ्याने खुर्ची आडवी केली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला रागावताही येईना.

मुलाची आई चांगली प्रेक्षक निघाली. सगळीकडे हसली. डब्याच्या कागदाचं सूप आलं तेव्हा तर पदर तोंडाला लावून हसली. तिथे सगळेच हसतात, आजवर दीर सोडून न हसलेलं कोणी नाही. मुलगा थोडासा हसला, सासूसासऱ्यांसमोर हसावं तितकं. वडील गप्प होते. आमच्या दिरांसारखेच असावेत, असं मला वाटलं. पण मी पुन्हा बघितलं तर ते टीव्हीकडे बघतच नव्हते. नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि ते नवऱ्याच्या.

भाग संपला. नवरा नेहमीप्रमाणे विचारणार होता, कसं वाटलं, पण त्यांनीच आधी विचारलं.

"तुम्ही किती दिवस होतात?"

"कुठे?"

"असे. अडकून."

नवऱ्याने बशीतलं सांदण चमच्याने दोनदा कापलं. मग म्हणाला, "सात महिने. म्हणजे साडेसहाच. शेवटचे पंधरा दिवस कागद आले होते, पण डिझेल नव्हतं."

मी म्हटलं, "कधी?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिचं बारसं होतं ना, तेव्हा."

मी चहा आणते म्हणून आत गेले. चहा आधीच झालेला होता. मी तो पुन्हा गॅसवर ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मुलाचे वडील सांगत होते, "सूप आलं तेव्हा सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. आम्ही कामावर असताना पावसात रस्ता बंद झाला की डोंगरावर पंधरा-पंधरा दिवस राहायचो. शेवटी शेवटी भात आणि मीठ. म्हणून विचारलं."

"आमच्याकडे भात होता बरेच दिवस," नवरा म्हणाला. "पाण्याचंच अवघड होतं."

इतक्या वर्षांत मी हे असं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि तो ते सांगत होता एका अशा माणसाला, जो तासाभरापूर्वी पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आला होता.

मुलाची आई माझ्या मागे आली. चहा उतू जायला आला होता, तो तिने उतरवला. "आमच्यांचंही असंच," ती म्हणाली. "डोंगरावरचं मला कधी सांगितलं नाही. एकदा मुलाने भाताला नावं ठेवली, तेव्हा त्याला ओरडता ओरडता सगळं बाहेर आलं. मी ऐकतच राहिले."

सहाला ते गेले. मुलगी त्यांना सोडायला स्टँडवर गेली. घरात आम्ही दोघं. मी बशा गोळा करत होते, जरा जास्तच आवाज करत.

"तेव्हा सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तू बाळंतीण होतीस. पत्रात काय लिहू? पाणी संपलंय म्हणून?"

"जेवण उत्तम आहे असं लिहिलंत."

"ते खोटं नव्हतं. त्या दिवशी आम्हाला गळाला दोन मोठे मासे लागले होते."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. "आणि घरी आल्यावर? तेव्हा तर मी बाळंतीण नव्हते."

त्याने आडवी खुर्ची उचलून पुन्हा भिंतीला लावली. मग म्हणाला, "मी आलो तोवर तुझी गोष्ट तयार झाली होती. बारशाची. पहिल्याच दिवशी तू आईसमोर सांगितलीस, सगळे हसले. चांगली सांगतेस तू. मध्ये कुठे तोंड घालायचं? आणि मग ती तशीच राहिली."

शाळेत मी पोरांना सांगायची, दुसऱ्याचं बोलून होऊ द्या. माझ्या स्वतःच्या घरात एक माणूस बोट वर करून सत्तावीस वर्षं बसला होता आणि मी पुढचा धडा घेत होते.

मुलगी परत आल्यावर आणखी एक समजलं. तिला हे थोडंफार माहीत होतं. बाबांनी त्या भागाच्या खाली स्वतःही कॉमेंट लिहिली होती, दोन वर्षांपूर्वी. तिने मला वाचून दाखवली. मोडक्या इंग्रजीत दोन ओळी होत्या: मी अशा जहाजावर सात महिने होतो. शेवटी आम्हीही डाव पुरा केला. खाली जगभरच्या लोकांनी विचारपूस केली होती. कोणी विचारलं होतं काय खात होतात, कोणी कुठला डाव ते. त्याने प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. डाव मेंढीकोटाचा होता, आणि मेंढीकोट म्हणजे काय ते त्याने एका परदेशी बाईला सहा कॉमेंटींमध्ये समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक," मी म्हटलं. "फक्त मला नाही."

"तू कॉमेंटी वाचत नाहीस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाजारात गेला असताना मी एकटीने तो भाग लावला. त्याच्या मराठीशिवाय बघितला तर बरेच विनोद वेगळेच होते. सूप आलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच चोरी केल्यासारखं वाटलं. तो बांगडे घेऊन आला तेव्हा मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "हसायचंच आहे ते. आम्ही पण हसायचो. मी आता हसत नाही, कारण त्या झाडाने कागद धुऊन घेतला नाही. आमचा गोव्याचा स्वयंपाकी आधी धुवायचा."

ते खरं की थट्टा, हे मला अजून कळलेलं नाही.

लग्न मार्गशीर्षात झालं. जावयाने लग्नाच्या आधीच सासऱ्याला तोंडावर सांगून टाकलं की त्याला तो भाग ठीकठाक वाटला, पंपाला पुराची स्वप्नं पडतात तो भाग जास्त चांगला आहे. नवरा हे ऐकून घटकाभर उदास होता, मग त्याने तो भाग पुन्हा बघितला आणि मुलगा विचार करणारा आहे असं मला सांगितलं. व्याह्यांचा आणि याचा दर रविवारी फोन असतो. दोघेही फोनवर फार बोलत नाहीत, पण ठेवतही नाहीत. विहीणबाई म्हणतात, निम्मा वेळ दोन्हीकडून नुसता पंख्याचा आवाज येतो.

मला मात्र आता ते सात महिने तुकड्या-तुकड्याने मिळतात. मासळी साफ करताना एक तुकडा, बँकेच्या रांगेत एक. पाऊस आला की ताडपत्री धरून पाणी कसं साठवायचे. किनारा रोज दिसायचा, त्यावरच्या एका घरात रोज पिवळा दिवा लागायचा आणि त्या घरात कोण असेल यावर त्यांची भांडणं कशी व्हायची. मी ऐकते. मध्ये बोलत नाही. हे मला फार जड जातं, पण जमतंय.

परवा त्याला विचारलं, "माझी पत्रं मिळत होती का तिथे?"

"नाही. कंपनीच्या ऑफिसात पडून होती. शेवटी एजंटाच्या बोटीतून सगळी एकदम आली. अकरा. दोऱ्याने बांधलेली."

"मग वाचलीत कशी?"

"वरचं होतं ते आधी उघडलं. त्यात लिहिलं होतंस की हिला दात आले. मग त्याच्या खालचं, त्यात ती पालथी पडायला लागली होती. मग खालचं, त्यात नुसती हसत होती. असं करत करत खाली गेलो. सगळ्यात तळच्या पत्रात ती जन्मली. कुठल्या दिवशी झाली ते मला तिथे कळलं."

मी विचारलं, पाकिटांवरचे शिक्के बघून आधी नीट लावून घ्यायची एवढंही कसं सुचलं नाही?

"घाई होती," तो म्हणाला.